बैल कोणी केला

मधलं बोट दुमडून ते समोर येईल त्या वस्तूवर टकटक करायचे आणि मान जरा तिरपी करून ऐकायचे. सागवानाच्या ओंडक्यावर, टरबुजावर, बँकेतल्या साहेबाच्या टेबलावर, नव्या जावयाने आणलेल्या बॅगेवरसुद्धा. "आवाज पाह्य," असं म्हणायचे. मी औषधाच्या दुकानात नवा काउंटर बसवून घेतला त्या दिवशी ते रस्ता ओलांडून आले, टकटक केली आणि म्हणाले, "वरून सनमायका, अंदरून भुसा. तुहा सुतार तुले फसवून राहिला गा भाऊ." सुतार तिथेच उभा होता. तो नंतर आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

लकडगंजात, म्हणजे आमच्या शहराच्या लाकूड बाजारात, माझ्या दुकानासमोर त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीमागेच घर. आता त्या जागेवर टाइल्सची शोरूम आहे आणि काका काटोलला मुलीकडे राहतात. मी त्यांना काका म्हणायचो, सगळा बाजार काकाच म्हणायचा. त्यांचं नाव इथे सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही. पेपरात नाव आलं की माणूस एकतर मेलेला असतो किंवा निवडणुकीला उभा, असं त्यांचं मत होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. लाकडात आख्खा जन्म काढलेल्या या माणसाने लाकडाचं स्वतःच्या हाताने कधी काहीही केलं नव्हतं. साधा पाट नाही की खुंटी नाही. लाकूड म्हणजे घनफूट, एवढाच त्यांचा हिशेब. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं आपापले चाकं लावलेले लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक बैलाला ओवाळून त्यांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, ठेवतात. पोरं काकांकडेही यायची. बोजारा द्यायचे ते, पण आधी बैलावर टकटक करून लाकडाची जात सांगायचे. "आंब्याचा आहे. रंग लावून सागवान म्हनून देल्ला तुह्या बापाले." एवढ्या कौतुकाने सजवून आणलेला बैल खोटा निघाल्यावर पोरांची तोंडं कशी होत असतील ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. काकू मागून येऊन जास्तीचा लाडू द्यायची आणि वेळ निभावून न्यायची.

तर अशा माणसाचा हात कापू लागला. तोही तोच, टकटक करणारा.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, लाकडातच काही खोट आहे. आपण एकदा वाजवतो आणि ओंडका तीनदा उत्तर देतो. वखारीतल्या माणसांवर खेकसून झालं. मग काकूने पाहिलं की टीव्हीसमोर नुसते बसलेले असतानाही अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहतात, जणू तंबाखू मळतायत, आणि तंबाखू तर त्यांनी कधी खाल्ली नव्हती. पाऊल आखडलं, आवाज बारीक झाला, सही मुंगीएवढी झाली. धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर ओळखलं. पार्किन्सन.

चिठ्ठी घेऊन काका माझ्याकडे आले. डॉक्टरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, पण मोठ्या डॉक्टरसमोर आपण सगळेच मान हलवतो आणि बाहेर येऊन औषधवाल्याला विचारतो. मी माझ्या पद्धतीने सांगितलं. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत, प्रत्येकीतून बारीकशी वीज धावते. पण एक पेशी संपून दुसरी सुरू होते तिथे फट असते. ती फट विजेला ओलांडता येत नाही. तिथे एक रसायन सुटतं आणि निरोप पलीकडे पोचवतं. अशी रसायनं पुष्कळ आहेत, त्यातलं एक डोपामिन. ते तयार करणाऱ्या पेशी तुमच्या कमी झाल्यात, म्हणून हाताला निरोप वेळेवर पोचत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हंजे गिऱ्हाईक बरोबर आहे," ते म्हणाले, "मालच येऊन नाही राहिला."

मी म्हटलं, बरोबर. गोळी म्हणजे बाहेरून मागवलेला माल. त्यांना ते पटलं आणि तिथेच घोटाळा झाला. दर रविवारी काका घरातल्या उंबरठ्यावर गोठून उभे राहू लागले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पुढे नाही की मागे नाही. सोमवारी पुन्हा ठीक. काकू म्हणाली शनिवारच्या मारुतीला जायचं सोडलं म्हणून होत असेल. डॉक्टर बुचकळ्यात, मी बुचकळ्यात. शेवटी कळलं की काका रविवारी गोळ्या घेतच नव्हते. वखार बंद, मग माल कशाला सोडायचा? आणि मार्केटच्या लिलावाच्या दिवशी मात्र एकावर एक दोन घ्यायचे, गर्दी असते म्हणून. मी कपाळाला हात लावला. पण मनात म्हटलं, चूक माझ्याच उदाहरणाची आहे, माणूस त्याच्या धंद्याप्रमाणे अगदी बरोबर वागला.

पाय गोठू नयेत म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी जमिनीवर पट्टे आखायला सांगितले. समोर रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय उचलतो म्हणे, आणि खरंच उचलतो, मी पाहिलंय. बाईंनी खडूचे पट्टे सांगितले होते. काकांनी घरभर सागवानाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या. त्यांचं चालणं सुधारलं आणि बाकी सगळं घर ठेचा खाऊ लागलं.

वर्षभराने डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली. ही डोपामिन नव्हे, पण मेंदूत जाऊन डोपामिनचंच काम करते. आता हेही तुम्हाला सांगायला हवं की डोपामिन नुसतं हातपाय हलवत नाही. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, केल्यावर बरं वाटणं, म्हणून ती पुन्हा करावीशी वाटणं, यातही त्याचा हात असतो. या गोळीने काही जणांना विचित्र नाद लागतात. कोणी जुगार खेळतं, कोणी बाजार उचलून घरी आणतं. डॉक्टरांनी काका-काकूंना हे आधीच समजावलं होतं आणि दर भेटीत विचारायचे, काही नवा नाद? काका म्हणायचे, नाही. जुगार नाही, खरेदी नाही. ते खोटं बोलत नव्हते. बैल कोरणं हा नाद असतो असं त्यांना वाटलंच नाही. आम्हालाही नाही वाटलं.

सुरुवात झाली ती आरा मशीनखाली पडलेल्या एका तुकड्यापासून. काकांनी तो उचलला आणि टकटक न करता नुसताच फिरवून फिरवून पाहत बसले. मग वखारीतल्या सुताराची पटाशी मागून घेतली. संध्याकाळी माझ्या काउंटरवर एक बैल आणून ठेवला. ओबडधोबड होता, पण मान अशी वळवलेली की कोणीतरी मागून हाक मारली असावी. मी पाहतच राहिलो. मी विचारलं, कोणी केला? तर हसले. काकांचं हसू मी इतक्या वर्षांत तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं असेन. पुढचा एक दात सोन्याचा आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्या वर्षीचा तान्हा पोळा आमच्या रस्त्याला अजून आठवतो. एकाही पोराला बैल विकत घ्यावा लागला नाही. कोणाचा शिंगं रोखलेला, कोणाचा बसकण मारलेला, एकीने हट्ट धरला म्हणून तिला वासरू. सगळे अस्सल सागवानी. काका वखारीच्या फाटकात खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक बैलाला ओवाळत होते आणि पोरांना त्यांच्याच बैलाचे गुण सांगत होते. हात कापत होता, पण पटाशी धरली की कापरं थांबायचं. मला फार आनंद झाला होता. या गोळ्या मीच देतो याचा थोडा रुबाबही मी मनातल्या मनात केला.

पोळा संपला, बैल संपेनात.

पहाटेपासून कोरायला बसायचे ते उठायचेच नाहीत. अंघोळ राहायची, औषधाची वेळ राहायची. गिऱ्हाईक आलं तर हातानेच थांब म्हणायचे आणि ते बिचारं थांबून थांबून निघून जायचं. घरात शोकेसमध्ये बैल, फ्रिजवर बैल, देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या दोन्ही बाजूंना बैल. सगळे सारखे. आता नवा बैल आधीच्याहून वेगळा निघत नव्हता. तीच मान, तेच वळण, पुन्हा आणि पुन्हा. पहिल्या बैलात जी हाक ऐकू येत होती, ती या कळपात कोणालाच ऐकू येत नव्हती.

मग तो चौकटीचा प्रकार झाला. एका मास्तरांच्या नव्या घराच्या मुख्य दाराची चौकट काकांनी स्वतः निवडून बाजूला ठेवली होती. न्यायला माणूस आला तेव्हा चौकटीचा उभा खांब जागेवर नव्हता. त्याचे तुकडे काकांच्या पायाशी होते आणि त्यांतल्या दोघांना शिंगंही फुटली होती. विकलेल्या मालाला हात लावणं म्हणजे काय, हे लाकूड बाजारात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. काकांनी दुसरं, त्याहून सरस लाकूड दिलं, मास्तर समजूतदार होते, विषय मिटला. पण काकांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

काकू माझ्याकडे आली. तिने रडारड केली नाही, तिचा तो स्वभाव नाही. ती म्हणाली, मी ताट वाढून उभी राहते, हे वर पाहतात, हो म्हणतात आणि पुन्हा खाली पाहतात. पोळी पापड होते तोवर. मी विचारलं, डॉक्टरांना सांगितलं का? तिचं उत्तर होतं, काय सांगू, नवरा बैल करतो म्हणून? तेव्हा मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि जाताना एक बैल सोबत न्यायला सांगितलं.

डॉक्टरांनी बैल हातात घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि ती दुसरी गोळी हळूहळू कमी करत बंद करायची असं ठरवलं. एकदम नाही, पायरीपायरीने. काकांनी तिथे मान हलवली आणि बाहेर येऊन सरळ माझ्या दुकानात आले. दुपार होती, दुकानात कोणी नव्हतं. ते स्टुलावर बसले.

"एक सांगजो भाऊ, पन खरं सांगजो," ते म्हणाले. "हे बैल म्या केले, का तुह्या गोळीनं केले?"

मी औषधवाल्याचं उत्तर दिलं. गोळीला काय पटाशी धरता येते? लाकूड तुमचं, हात तुमचा.

"हात तं आधीबी माहाच होता. लाकूडबी होतं. इतक्या वर्सांत एकडाव मनात नाही आलं. गोळी आली अन् आलं." मग म्हणाले, "आता गोळी चालली. संग बैलबी गेले, तं मंग म्या काय केलं, सांग मले."

तुम्ही काय सांगितलं असतं? मी रोज कपाटातून लोकांची झोप काढून देतो, धीर काढून देतो, कोणाचा राग शांत करतो. सकाळचा चहा घेण्याआधीचा मी आणि घेतल्यानंतरचा मी, ही दोन माणसं आहेत. माझी बायको दोघांना ओळखते आणि पहिल्याशी बोलत नाही. आपण सगळेच आतल्या रसायनांवर चाललेले असतो, काकांचं तेवढं पाकिटातून येत होतं. हे सगळं माझ्या मनात आलं. पण ज्याचे बैल जायला निघालेत त्याला हे ऐकवून काय उपयोग होता?

मी विचारलं, मग गोळी चालूच ठेवा असं का नाही म्हणालात डॉक्टरांना? त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"ते ताट घेऊन उभी राह्यते अन् मले थांबता येत नाही गा," ते म्हणाले. "थांबाले जातो तं जीव घाबरते."

गोळी कमी होत गेली आणि एक दिवस बंद झाली. पहिल्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे चालणं-फिरणं ठीक होतं. पण माणूस विझला. वखारीत खुर्चीवर बसायचे, समोर चहा निवायचा. कोणी मुद्दाम टरबूज आणून पुढे केलं तरी हात उचलला जायचा नाही. काय झालं विचारलं तर म्हणायचे, काहीच नाही, आणि ते खरं होतं. काहीच करावंसं वाटत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला त्या गोळीची सवय झाली होती, सावरायला वेळ लागेल. किती, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

आणि मग तीच काकू, जिने गोळी कमी व्हावी म्हणून धडपड केली होती, माझ्या काउंटरशी येऊन उभी राहिली. इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, थे गोळी थोडीशी नाही का देता येत? जेवाले बलावलं की येतेत आता. पन दुसरंच कोनी जेवून राहिलं असं वाटते."

गोळी मी देणार नव्हतोच, तिलाही ते माहीत होतं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की इच्छा होईल तेव्हा करतील असं म्हणून वाट पाहू नका. कधी कधी आधी काम समोर यावं लागतं, इच्छा मागून येते. नाही आली तर पुढचं मी पाहीन.

काकूने हे अगदी शब्दशः घेतलं. रोज सकाळी झाडलोट झाली की ती पडवीत सतरंजी टाकायची, त्यावर सागवानाचा एक तुकडा आणि पटाशी ठेवायची आणि काकांना तिथे नेऊन बसवायची. काका तुकड्याकडे पाहत बसायचे. दिवे लागायच्या वेळी ती तो तसाच्या तसा उचलून आत ठेवायची. पावसाळा गेला, संत्र्यांच्या गाड्या सुरू झाल्या, तुकडा रोज बाहेर आणि रोज आत. बाजारात काही लोक हसले. काकूने कोणाला काही स्पष्टीकरण दिलं नाही. मला विचाराल तर या सगळ्या हकिकतीत औषध कोणतं होतं, ते मी अजून ठामपणे सांगू शकत नाही.

थंडी पडली होती त्या दिवसांतली गोष्ट. दुकानात गर्दी होती. काका रस्ता ओलांडून येताना दिसले, सावकाश, पाय मोजून टाकत. आले ते रांगेत उभे राहिले, जसे काही खोकल्याचं औषधच घ्यायचं आहे. पाळी आली तेव्हा शालीतून लाकूड काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

बैल होता. म्हणजे डोकं होतं, मान होती, वशिंड होतं. त्यामागे नुसता चौकोनी ठोकळा. मान यावेळी वळलेली नव्हती, खाली घातलेली होती, चरत असल्यासारखी. एक शिंग जाड, एक बारीक. कळपातल्या एकाही बैलासारखा तो नव्हता.

मी म्हटलं, काका, अर्धाच आहे. मला वाटलं, दमले. मला वाटलं, आता त्यांची समजूत घालण्याची पाळी माझ्यावर आली.

"सकाळी बसलो," ते म्हणाले. "वशिंडापर्यंत आलो. मंग भूक लागली."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहत होतो.

"भूक लागली तं ठेवून देल्ला, भाऊ," ते पुन्हा म्हणाले, सावकाश, मला समजावं म्हणून. "ठेवता आला."

तेव्हा समजलं. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत. मागे रांगेतली माणसं चुळबुळत होती, एक बाई डोकेदुखीची गोळी मागत होती.

"हा माहा आहे," काका म्हणाले. एवढंच सांगायला ते आले होते.

मग त्यांनी बैल उचलायला हात पुढे केला, पण तो पुन्हा मागे घेतला. राहू दे इथंच, बाकीचा नंतर करतो, असं म्हणाले. पलीकडे वखारीच्या फाटकात काकू उभी होती, तिने हाक मारली नव्हती. काकांनी शाल सावरली, आणि तो अर्धा बैल माझ्या काउंटरवर सोडून ते जेवायला गेले.